घरातले जिन्नस आणि कुंडीतली माती

रत्नागिरी तालुक्यातील माझ्या आत्याच्या घरी मागील दारी न्हाणी होती, आणि त्या न्हाणीचे पाणी जांभ्या दगडाच्या उथळ पाटाने जेथे जाऊन मुरे तेथे अळूचे गर्द बेट, त्यापलीकडे पिल्लांनी वेढलेल्या चार केळी आणि अगदी शेवटी एक उंच माड, असा सारा संसार त्या एका पाटावर पोसला जात असे. चुलीतील राख भांडी घासण्याच्या निमित्ताने मोरीत उतरे, तांदळाच्या धुवणावर पहिला हक्क गोठ्यातील गाईचा असे आणि उरले तर ते माडाच्या आळ्यात जाई, माशांचे धुवण कढीलिंबाच्या बुंध्याशी ओतले जाई, आणि सोललेल्या नारळांची सोडणे आळ्यातच पुरली जात. आत्याने झाडांसाठी बाजारातून काही विकत आणल्याचे मला स्मरत नाही. तसेच 'खत' हा शब्द तिने शेणाच्या खेरीज अन्य कशास लावल्याचेही स्मरत नाही.

आज शहरात राहणारा, गॅलरीत दहा-बारा कुंड्या बाळगणारा आणि त्यांच्यावर मनापासून प्रेम करणारा गृहस्थ जेव्हा विचारतो की, घरातल्या घरात झाडांना देण्यासारखे काय आहे, तेव्हा त्याच्यावर चारी दिशांनी शिफारशींचा वर्षाव होतो: चहाचा चोथा घाला, अंड्यांची टरफले घाला, केळ्याच्या साली भिजवा, राख टाका, आंबट ताक ओता, गंजके खिळे पुरा. यांपैकी बहुतेक शिफारशी कोणाच्या ना कोणाच्या खऱ्या अनुभवातून आलेल्या असतात, म्हणून त्यांना सरसकट अंधश्रद्धा म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु ज्या मातीत, ज्या पाण्यावर आणि ज्या हवेत तो अनुभव आला, त्यांचा हवाला मात्र शिफारशीबरोबर येत नाही. या सर्वांची एकत्र रुजुवात घालून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

घरातील पदार्थांनी झाडे पोसण्याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातील बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदावर स्वतंत्र अध्याय आहे, आणि त्यात शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्या, तीळ, सातूचे पीठ इत्यादी जिन्नस पाण्यात सात रात्री ठेवून ते झाडांना घालण्याचा प्रयोग सांगितला आहे. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदात, ज्याचे इंग्रजी भाषांतर डॉ. नलिनी साधले यांनी 1996 साली प्रसिद्ध केले, 'कुणपजल' म्हणजे प्राणिज पदार्थ शिजवून व आंबवून केलेले पाणी वर्णिले आहे. या दोन्ही ठिकाणी जिन्नसांच्या यादीहून महत्त्वाची गोष्ट आहे ती मुदतीची. तीळ ताजे घालावयाचे नाहीत, ते भिजून, आंबून, आपले मूळ रूप सोडून मग मुळांपाशी जावयाचे आहेत.

हीच गोष्ट विसाव्या शतकात शास्त्राच्या भाषेत सिद्ध झाली ती इंदूर येथे. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात तेथील कृषिसंशोधन संस्थेत कापसाच्या पऱ्हाट्या, पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर देऊन व ते ठरावीक अंतराने वरखाली करून सुमारे तीन महिन्यांत उत्तम कंपोस्ट करण्याची रीत बसविली, आणि 1931 साली तिच्यावर जो ग्रंथ निघाला त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड या त्यांच्या सहकाऱ्याचेही नाव आहे. 'इंदूर पद्धत' या नावाने ही रीत जगभर गेली. तिच्या मुळाशी एका मराठी रसायनज्ञाचे श्रम आहेत, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही, म्हणून येथे मुद्दाम नमूद करतो. पुढे गारगोटीचे गणिताचे अध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवारा'च्या द्वारे सामान्य शेतकऱ्याला आणि गच्चीवाल्या गृहस्थाला प्रयोगकर्त्याच्या पदावर बसविले, आणि मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी रसवंतीगृहातून फुकट मिळणाऱ्या उसाच्या चिपाडांवर गच्चीत भाजीपाला काढून दाखविला. या साऱ्या परंपरेचा निष्कर्ष मला एकाच वाक्यात दिसतो: घरातला जिन्नस झाडाला द्यावयाचा नसतो, तो मातीला द्यावयाचा असतो, झाडाला काय द्यावे हे माती आपले पाहून घेते.

हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. स्वयंपाकघरातील साल वा देठ ज्या स्वरूपात कुंडीत पडतो त्या स्वरूपात मुळांना त्याचा काडीचाही उपयोग नसतो. तो सूक्ष्मजीवांनी खाऊन, पचवून, क्षाररूपाने पाण्यात उतरवला पाहिजे. या सूक्ष्मजीवांच्या आहाराचाही हिशेब आहे. कर्बाचे पंचवीस ते तीस भाग आणि नत्राचा एक भाग अशा प्रमाणाचे मिश्रण त्यांना सर्वांत मानवते. भाजीची देठे, साली, चहाचा चोथा यांत नत्र सढळ असते, तर वाळका पाला, भुस्सा, कागद यांत कर्ब. लाकडाचा भुस्सा कुणी तसाच कुंडीत मिसळला तर सूक्ष्मजीव आपली नत्राची तूट मातीतून वसूल करतात आणि झाड पिवळे पडते. उलटपक्षी नुसता ओला कचरा साठवला तर तो कुजण्याऐवजी सडतो, त्याला आंबूस दर्प येतो, चिलटे धरतात आणि शेजाऱ्यांची तक्रार येते. म्हणून घरात खत करावयाचे तर एक फुटका माठ किंवा झाकणाची बादली घ्यावी, तिच्या तळाशी व अंगाला भोके पाडावीत, आणि ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक मुठीवर वाळक्या पानांच्या दोन-तीन मुठी घालाव्यात. आठवड्यातून एकदा काठीने वरखाली करावे. मूठ आवळून पाहिली असता हाताला ओल लागावी पण पाणी गळू नये, एवढी ओल राखली म्हणजे बाकीचा बंदोबस्त निसर्ग करतो. नवशिक्याने प्रारंभी जुन्या खताची ओंजळ किंवा थोडे आंबट ताक विरजणासारखे घालावे. घातले नाही तरी काम होते, थोडा वेळ अधिक लागतो इतकेच. शिजलेले तेलकट अन्न व मांसमच्छी मात्र या माठात घालू नये. त्यांनी उंदीर येतात.

शिशिरात सोसायट्यांच्या फाटकांशी पानगळीचे ढीग लावून ते पेटवून देण्याची जी वहिवाट आहे, तिने मला दरवर्षी दुःख होते. जो जिन्नस आपल्या माठाला सर्वांत दुर्मिळ, तोच आपण धूर करून शेजाऱ्यांच्या फुप्फुसांत घालतो. एका शिशिरात दोन पोती पाने उचलून कोरडी ठेवली तर साध्या कुटुंबाच्या ओल्या कचऱ्याची कित्येक महिन्यांची तरतूद होते.

आता एकेका जिन्नसाकडे वळू. चहाचा चोथा हा यांतला सर्वांत सुलभ, आणि नत्राने समृद्ध म्हणून सर्वांत उपयोगी. परंतु आपला चहा दूधसाखरेत उकळलेला असतो, आणि तो चोथा तसाच कुंडीत घातला तर दोन दिवसांत वर पांढरी बुरशी येते व साखरेमागून मुंग्यांची रांग लागते. चोथा गाळणीतच दोनदा पाण्याने धुवावा, वाळवावा, आणि मग तो माठात जावा. कुंडीतच द्यावयाचा असेल तर पातळ थर देऊन मातीत मिसळावा. केळ्याच्या सालींत पालाश आहे हे खरे, पण साली रात्रभर भिजवून काढलेल्या पाण्यात त्याचा अंश अल्पच उतरतो. बाकीचा सालींतच राहतो, आणि साली मात्र आपण फेकून देतो. त्यापेक्षा त्या बारीक चिरून माठात टाकाव्यात. तांदळाचे आणि डाळींचे धुवण हे निर्दोष आहे; त्याने चमत्कार होत नाहीत, पण पाणी वाचते, आणि उन्हाळ्यात पाणी वाचविणे हाच मोठा लाभ आहे. मात्र मीठ घालून उकडलेल्या बटाट्यांचे वा शेंगांचे पाणी देऊ नये, कारण मीठ मातीत साठत जाते आणि कुंडीतून ते सहसा निघून जात नाही.

अंड्यांची टरफले आणि राख यांविषयी मी थोडा विस्तार करणार आहे, कारण येथेच मातीचा मुलूख ध्यानात न घेतल्याने सर्वाधिक नुकसान होते. टरफलात सुमारे पंच्याण्णव टक्के चुन्याचा कर्बित असतो, आणि लाकडाच्या राखेतही पोटॅशबरोबर चुनाच विपुल असतो. म्हणजे दोन्ही जिन्नस आम्लता मारणारे आहेत. कोकणात, जेथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस मातीतील चुना धुऊन नेतो आणि जांभ्याची माती आंबट होते, तेथे राख हे खरोखर औषध आहे. आत्याच्या माडाला ती मानवली याचे कारण तेच. पण दख्खनच्या काळ्या मातीत चुना मुळातच इतका असतो की ठिकठिकाणी त्याचे पांढरे खडे हाताला लागतात. पुण्यास बिऱ्हाड केल्यानंतर पहिल्याच वर्षी मी आत्याच्या शिरस्त्याने मोगऱ्याच्या कुंडीत दर पंधरवड्याला राख व टरफलांची पूड घालत गेलो, आणि चौथ्या महिन्यात त्याची कोवळी पाने अशी दिसू लागली की शिरा ठसठशीत हिरव्या आणि त्यांच्यामधला सारा भाग फिकट पिवळा, जणू पानाचा नकाशा काढून त्यातल्या नद्या तेवढ्या रंगविल्या असाव्यात. मी नत्राची उणीव समजून शेणखत वाढविले. उपयोग झाला नाही, कारण उणीव नत्राची नव्हतीच. अतिरिक्त चुन्याने मातीतले लोह बांधून टाकले होते, आणि ते समोर असूनही मुळांना घेता येत नव्हते. नत्र कमी पडले तर जुनी, खालची पाने आधी आणि सबंध पिवळी होतात. लोह कमी पडले तर शेंड्याची कोवळी पाने शिरा सोडून पिवळी होतात. हा फरक ज्याने एकदा नजरेत भरून घेतला त्याला वर्षानुवर्षे उपयोगी पडेल.

मोगरा वाचला तो लाल माती व कुजलेल्या पानांच्या खतात पुन्हा लावल्यामुळे, आणि लिटरभर पाण्यात दोन-तीन ग्रॅम हिराकस विरघळवून ते पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा घातल्यामुळे. हिराकस म्हणजे लोहाचाच विरघळणारा क्षार. गंजके खिळे पुरण्याची शिफारस याच हेतूने केली जाते, हेतू योग्यही आहे; परंतु गंज पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि चुनखडीच्या मातीत तर मुळीच नाही, म्हणून खिळे वर्षानुवर्षे खिळेच राहतात. कढीलिंबाला आंबट ताक घालण्याची जी रीत घराघरांत आहे, तिचा मला अव्हेर करावासा वाटत नाही: ताकाची आम्लता किंचित व क्षणिक असली तरी पाण्यात पातळ केलेले ताक सूक्ष्मजीवांना खाद्य होते. फक्त त्यात मीठ नसावे, आणि ते दररोज घालू नये.

न्हाणीच्या पाण्याची गोष्ट याहून गंभीर आहे. आत्याच्या काळी भांडी राखेने वा मातीने घासली जात, अंगाला डाळीचे पीठ आणि केसांना शिकेकाई लावली जाई, आणि कपड्यांचा साबण नदीवर खर्च होई. त्या न्हाणीचे पाणी झाडांना अपाय करीलच कशाने? आज आपल्या मोरीतून जे वाहते त्यात धुण्याच्या पावडरींचा सोडियम असतो, आणि सोडियम काळ्या मातीच्या कणांना विस्कटून तिचा घट्ट, निबर लगदा करतो, ज्यात पाणी मुरत नाही व हवा खेळत नाही. म्हणून 'पूर्वी मोरीवर अळू किती छान येई' एवढ्या आधारावर धुणीयंत्राची नळी कुंडीत सोडणे चुकीचे आहे. जुनी रीत जिन्नसांसकट घ्यावी लागते. जिन्नस बदलले तर रीतही नव्याने तपासावी लागते. आजच्या घरात निर्धास्तपणे वापरण्याजोगे पाणी म्हणजे भाज्या, फळे व धान्य धुतलेले, आणि मीठ न घातलेल्या मत्स्यपेटीतले.

कुंडीच्या बाबतीत घरातील वस्तूंचा उपयोग सर्वज्ञात आहे: तेलाचे पंधरा किलोचे डबे, फुटक्या बादल्या, गळके माठ, या सर्वांत झाडे उत्तम येतात. पत्र्याचा डबा वैशाखाच्या उन्हात तापून बाहेरची मुळे भाजतो, म्हणून त्याला पोते गुंडाळावे किंवा तो सावलीच्या बाजूस ठेवावा. तळाशी विटांचे तुकडे, खडी किंवा करवंट्या यांचा जाड थर देण्याची जी सार्वत्रिक पद्धत आहे, ती मात्र पुनर्विचारास पात्र आहे. बारीक माती आपले पाणी तिच्याखालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी सोडत नाही. ती पूर्ण तुडुंब झाल्याखेरीज पाणी खाली गळत नाही, आणि त्यामुळे खडीचा थर दिल्याने ओलीचा पट्टा नाहीसा न होता उलट वर, मुळांच्या अधिक जवळ, सरकतो. भोकावर एक वाकडे खापर पालथे घालावे, म्हणजे माती वाहून जाणार नाही आणि पाणी निघून जाईल. बाकी सारी कुंडी चांगल्या, भुसभुशीत मातीने भरावी. करवंट्या आणि नारळाच्या शेंड्या वरून आच्छादनासाठी ठेवाव्यात, तेथे त्यांचे काम मोठे आहे: उन्हाळ्यात ओल टिकते व माती तडकत नाही.

गच्चीवर बाग करणाऱ्यांना मी एक हिशेब कळकळीने सांगू इच्छितो. भिजलेल्या मातीचा एक फूट जाडीचा थर दर चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास भार टाकतो. आणि माणसांच्या वावरासाठी बांधलेली साधारण गच्ची आपल्याकडे दर चौरस मीटरला दीडशे किलोंच्या सुमाराचा जादा भार धरून आखलेली असते. चिपाडे, पाने आणि खत यांचे हलके मिश्रण वापरण्यामागे काटकसरीइतकेच हे कारण आहे. जड कुंड्या तुळईच्या किंवा खांबांच्या रेषेवर ठेवाव्यात, आणि सबंध गच्चीवर वाफा करावयाचा असेल तर आधी बांधकामाच्या जाणकाराचा सल्ला घ्यावा. तसेच कुंडीखालच्या ताटलीतील पाणी दर आठवड्यास ओतून ताटली घासावी. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि त्याची अंड्यापासून उडण्यापर्यंतची मुदत साधारण आठ-दहा दिवसांची असते.

किडीच्या बंदोबस्तात घरगुती उपायांचे खरे वैभव दिसते. जास्वंदीच्या देठांवर कापसासारखा पांढरा पुंजका दिसला की तो पिठ्या ढेकूण समजावा आणि त्याच क्षणी खोडावर मुंग्यांची ये-जा आहे का ते पाहावे, कारण मुंग्या त्याच्या गोड स्रावासाठी त्याला पाळतात आणि एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर वाहून नेतात. आरंभी दात घासण्याचा जुना ब्रश रिठ्याच्या पाण्यात बुडवून पुंजके घासून काढावेत; पसरला असेल तर निंबोळी अर्क. ज्येष्ठ-आषाढात कडुनिंबाखाली पडलेल्या पिकल्या निंबोळ्या वेचून, गर धुऊन, सावलीत वाळवून ठेवाव्यात. लागतील तेव्हा पन्नास ग्रॅम कुटून, फडक्यात पुरचुंडी बांधून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात, सकाळी पिळून गाळावे, चमचाभर रिठ्याचे पाणी मिसळावे आणि फवारणी मात्र संध्याकाळी करावी, कारण अर्कातील कडू द्रव्य उन्हाने लवकर नष्ट होते. भोपळ्याच्या, काकडीच्या पानांवर भुरी आली तर नऊ भाग पाण्यात एक भाग दूध मिसळून आठवड्यातून एकदा उन्हाच्या वेळी फवारावे. हा उपाय आजीबाईचा वाटला तरी ब्राझीलमधील बेट्टिओल यांनी 1999 साली भोपळवर्गातील पिकावर प्रयोगाने तो सिद्ध केला आहे. याउलट गोगलगाईंसाठी टरफलांचे कुंपण घालण्याचा प्रसिद्ध उपाय इंग्लंडच्या राजेशाही उद्यानविद्या संस्थेने 2018 साली तपासला, आणि सॅलडच्या पानांना त्याने संरक्षण मिळाले नाही. पावसाळ्यात कंदील वा विजेरी घेऊन रात्री त्या वेचून काढणे हेच खात्रीचे.

अखेर बियाण्याविषयी. वाण्याच्या दुकानातून आलेले धणे, मेथ्या, मोहरी ही बियाणीच आहेत, आणि स्वयंपाकघराच्या डब्यातून ती थेट वाफ्यात जाऊ शकतात. मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी जमीन फोडून वर येते. धण्याचे तसे नाही. धण्याचा दाणा म्हणून आपण जो ओळखतो ते वस्तुतः फळ आहे व त्यात दोन बिया एकमेकींना चिकटून असतात. तो पाटावर पसरून लाटणे हलक्या हाताने फिरवावे, दाण्याच्या दोन वाट्या झाल्याचा बारीक कुरकुर आवाज येतो, मग त्या रात्रभर भिजवून पेराव्यात आणि आठ-दहा दिवस किंवा अधिकही धीर धरावा. पुष्कळांची कोथिंबीर उगवत नाही ती सातव्या दिवशी निराश होऊन पाणी घालणे थांबविल्यामुळे. दसऱ्याच्या तोरणातील झेंडूची फुले निर्माल्यात टाकण्यापूर्वी दोऱ्यासह सावलीत वाळवावीत. पाकळ्यांच्या बुडाशी सुईसारख्या काळ्या, शेंड्याला पांढरट असलेल्या बिया सापडतात. संकरित झेंडूची संतती मूळ फुलासारखीच निघेल असे नाही. हीच गोष्ट बाजारच्या टोमॅटोची.

आणि वैशाखात भाजीच्या टोपलीत राहून गेलेल्या आल्याच्या एखाद्या तुकड्याला फिकट, टोकदार डोळे फुटू लागतात, हळदीच्या ओल्या गड्ड्यालाही फुटतात. तो तुकडा किसणीवर न नेता, डोळा वर येईल अशा बेताने दोन बोटे खोल पुरावा, वर वाळकी पाने पसरावीत, पाणी थोडेच घालावे. मृगाच्या सरी येऊन गेल्यावर एक दिवस पानांच्या थरातून वळकटी केलेला हिरवा कोंब वर आलेला दिसतो. पाने पिवळी पडून आडवी होईपर्यंत, म्हणजे पौष-माघापर्यंत, त्याला हात लावू नये.